पटावर नसलेली चाळीस माणसं

सोंगट्या, बुद्धिबळ, गंजिफा, यांतलं काहीच मला कधी आवडलं नाही. आमच्या ठाण्याच्या घरी दिवाळीत पट पडला की मी उठून आत जायचो, आणि वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "याला हरायला सोसत नाही." खरंच होतं ते. असा मी भर नोकरीत, कचेरीच्या मेजावर, साहेबासमोर बसून जवळजवळ महिनाभर लढाईचा खेळ खेळलो, हे आज नातवंडांना सांगितलं तर ती हसतात. हसू देत. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

मी कल्याणला फौजेच्या रसदीच्या कचेरीत कारकून होतो. तिकडे वायव्येच्या सरहद्दीवर पलटणी गेलेल्या, आणि त्यांच्या पोटाचं बघायचं काम आमच्यासारख्या कचेऱ्यांचं. आगगाडी जिथे संपते तिथून पुढे डोंगर. गाडीवाट नाही. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची आणि हाकत न्यायचा. त्यासाठी बैल आणि बैलवाले आमच्याकडून जात. भाताची कापणी उरकली की कोलशेतपासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या गावांतली माणसं मोकळी होत, आणि आमचा मुकादम त्यांना गोळा करून आणी. मी नाव लिहायचं, बापाचं नाव लिहायचं, गाव लिहायचं, आणि खाली त्या माणसाने सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायची. एवढ्यावर तो हजार कोस दूर जायला मोकळा.

आदल्या वर्षी असे चाळीस गेले आणि तेवीस परत आले. उरलेल्या सतरा जणांच्या नावांपुढे 'ताप' असा शब्द आला होता. तो मी सतरा वेळा, वळणदार अक्षरात, मोठ्या वहीत उतरवला. अक्षर माझं चांगलं होतं. साहेबही म्हणायचा.

मग पुढची कापणी झाली, पुन्हा चाळीस माणसं हवीत असा हुकूम आला, आणि मुकादम कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला. पन्नाशीचा माणूस, खाडीकाठचा आगरी, काळाकभिन्न. आदल्या वर्षी तो स्वतः तांड्याबरोबर गेलेला आणि परत आलेला. त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच, साहेबालासुद्धा. त्यामुळे तो मला तू म्हणे आणि मी त्याला.

"मानसं हायेत," तो म्हणाला. "यायला तयार हायेत. पन आगगाडीच्या म्होरं ती खातील काय, ते मला आदी सांग. ते सांगितल्याबिगर मी एकाचंबी नाव देनार नाय."

"अरे, आपापलं खायचं असा करारच आहे ना," मी म्हणालो. "पगार त्यातच धरलेला असतो."

"पगार चावून खातात व्हय? तिकडं दुकान हाय का हाट हाय? दगडं हायेत नुसती."

"मग गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्सी काय, ते तुला म्हाईत नाय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताप नव्हता रे तो."

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि आत जाऊन बसलो. त्या दिवशी एकही कागद मी नीट लिहिला नाही.

आता त्या खेळाबद्दल सांगायला हवं. आमच्या थोरल्या साहेबाने विलायतेहून एक पट मागवला होता. मोठ्या मेजावर नकाशा चिकटवलेला, त्यावर नदी, घाट, खिंडी, आणि पार टोकाला एक गढी. लाकडी शिपाई, लाकडी तोफा, फासे आणि जाडजूड नियमांचं पुस्तक. दुपारचं काम सरलं की तो आणि पलटणीतला एक धाकटा साहेब समोरासमोर बसत. धाकटा सरहद्दीवरचा शत्रू व्हायचा, थोरला गढी राखायचा. एक चाल म्हणजे एक दिवस. गढीपर्यंत बारा दिवसांची वाट. थोरला साहेब रसदीतला माणूस, म्हणून त्याने स्वतःचे नियम घातले होते: एक चिंचोका म्हणजे एक गोणी धान्य, एक गवताची काडी म्हणजे एक मोळी लाकूड, कारण खिंडीच्या पुढे जाळायला झुडूपसुद्धा मिळत नाही. कवड्या म्हणजे बैल. दर चालीला शिपाई किती खातात, घोडे किती चणे खातात, चूल किती जाळते, तेवढे चिंचोके नि काड्या उचलायच्या. हिशेबाला मी पक्का म्हणून ते काम माझ्याकडे. मी मुकाट्याने उचलायचो आणि मनात म्हणायचो, काय ही मोठ्या माणसांची भातुकली!

मुकादम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तसाच उभा होतो. धाकट्याने फासे टाकले, साहेबाने कवड्या पुढे सरकवल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, बैलवाले कुठे आहेत?"

साहेबाची मराठी मोडकीतोडकी होती, ती इथे सरळ करून लिहितो. "बैलवाले? बैलांबरोबर."

"मग ते खातात काय?"

धाकटा साहेब हसला. थोरला हसला नाही. त्याने पुस्तक उघडलं, चार पानं उलटली, मिटलं. पुस्तकात शिपायांचं खाणं होतं, घोड्यांचं होतं, बैलांच्या कडब्याचंही होतं. बैलवाल्याचा शब्द नव्हता.

"नियमात नाही," तो म्हणाला.

"नियमात नसेल. पोट तर असतं ना त्यांना?"

हे मी बोललो! पण बोललो ते बोललो. साहेब थोडा वेळ मिशी ओढत बसला आणि म्हणाला, "बरं. घाल त्यांना पटावर. आणि आजपासून रसद तू चालव. बघू गढी टिकते का."

मी चाळीस गुंजा मोजून आणल्या आणि कवड्यांच्या शेजारी मांडल्या. लाल लाल, टपोऱ्या. आमची माणसं म्हणजे भात खाणारी, म्हणून त्यांच्यासाठी तांदळाच्या गोण्या धरल्या. चाळीस माणसं, एक मोठं भांडं, एक चूल, असा हिशेब केला. शिपायांचाही तसाच होता. दोन बैल जास्त घेतले, सहाव्या मुक्कामावर मधली कोठी केली, तीन दिवस खेळलो. आणि गढी टिकली हो! दोन दिवसांचं धान्य शिल्लक ठेवून टिकली. साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली. वरच्या कचेरीला आपण तांदळासाठी अर्ज लिहू म्हणाला. मी इतका फुशारलो की आठ दिवसांची वाटसुद्धा बघितली नाही. मुकादमाला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि साहेब जेवायला गेलेला बघून त्याला थेट मेजापाशी नेलं.

"ह्या तुझ्या चाळीस गुंजा," मी म्हणालो. "हे त्यांचे तांदूळ. ही चूल."

त्याने वाकून बघितलं. "एकच?"

"चाळीस माणसांना किती लागतात?"

"अरे दादा," तो म्हणाला, "माज्या तांड्यात आगरी हायेत, कोली हायेत, कुनबी हायेत, ठाकूर हायेत. गावकुसाभायरचे सा जन हायेत. त्यांची सगल्यांची एक चूल? तू जेवशील का माज्या चुलीवरचं?"

कचेरीच्या मागच्या खोलीत रोज सकाळी ओलं धोतर नेसून, दार लावून, मी माझा एक मूठ भात वेगळा शिजवत होतो. पट्टेवाल्याची सावली भांड्यावर पडली तर भात टाकून देत होतो. आणि चाळीस परक्या माणसांना एका भांड्यात जेवायला बसवताना माझ्या मनात शंकासुद्धा आली नव्हती! स्वतःचं सोवळं तेवढं खरं, बाकीच्यांना जणू ते नाहीच. इतकी लाज मला आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही.

मग त्याने आदल्या वर्षीचं सांगितलं. आवाज न चढवता, पुन्हा ओट्यावर येऊन बसून. "तांदूल होतं रे आमच्यापाशी. घरनं नेलेलं. खिंडीच्या म्होरं लाकूड नाय. जे लाकूड बैलावर ते पलटनीचं, त्याला हात लावला तर फटके. शेन जाळलं, वल्लं, पेटंना. मग पोरांनी तांदूल तसंच चावलं. कच्चं. चार दिस, पाच दिस. मग पोटं गेली. तांदूल उशाला घेऊन मेली पोरं."

तो उठून गेला. मी आत आलो आणि पटावरची ती एक चूल उचलून भिरकावली.

तेव्हापासून मी हट्टालाच पेटलो. साहेबाला सगळं सांगितलं आणि पुन्हा डाव मांडला. एकीच्या जागी पाच चुली. पहिल्या दोन चालींतच कळलं की हे होणारं नाही. इतक्या काड्या लागल्या की निम्मे बैल नुसती मोळी वाहायला गेले, मग धान्याला बैल कमी पडले, मग आणखी बैल घेतले तर त्यांना कडबा. नवव्या दिवशी गढी पडली. धाकट्या साहेबाने टाळी वाजवली.

"हुकूम काढा," तो म्हणाला. "सगळ्यांनी एका भांड्यात जेवायचं. भूक लागली की जेवतील."

"नाही जेवणार, साहेब."

"मरतील, पण जेवणार नाहीत?"

"गेल्या वर्षी तेच झालं," मी म्हणालो.

त्या पंधरवड्यात मी दुपारच्या सुट्टीत एकटाच पट मांडून बसे. कोठी चौथ्या मुक्कामावर केली, मग आठव्यावर केली. तांडा दोन तुकड्यांत पाठवला. लाकूड आधी पाठवून बघितलं, धान्य आधी पाठवून बघितलं. कधी गढी पडे, कधी गढी टिके आणि गुंजा संपत. मी संपलेल्या गुंजा पटावरून खाली ठेवत असे आणि ठेवताना नको नको ते डोळ्यांसमोर येई. शनिवारी ठाण्याला घरी गेलो तरी पानावर बसून मी भाताच्या ढिगाकडे बघत राही. बायकोने विचारलं, "आंबट झालाय का?" मी म्हटलं, "नाही गं, चुली मोजतोय." तिने कपाळाला हात लावला.

एक दिवस मुकादम निकाल विचारायला आला. ऊन मरणाचं होतं. ओट्यावर टेकला, कमरेची पुरचुंडी सोडली आणि भाजलेले चणे नि गुळाचा खडा चघळत बसला. मी शेजारी बसून माझी रडकथा सांगत होतो. बोलता बोलता त्याने मूठ पुढे केली, मी हात पसरला, चार चणे तोंडात टाकले आणि बोलत राहिलो. तिसऱ्या मुठीला माझे दात थांबले.

"मुकादम," मी म्हणालो, "हे मी तुझ्या हातचं खाल्लं."

"मग? चनं हायेत ते. चन्याला काय व्हतंय?"

खरंच, चण्याला काय होतंय? जत्रेत आपण कुणाच्याही भट्टीवरचे घेतो. ते शिजवलेलं अन्न नव्हे, त्याला पंक्ती नाही, सोवळं नाही. चुलीचा प्रश्नच नाही! चणे, गूळ, पोहे. पोहे गार पाण्यात भिजवले की झालं. मी तसाच उठलो, अर्धवट वाक्य सोडून आत पळालो. मुकादम मागून ओरडला, "काय चावलं का रे तुला?"

त्या दुपारी मी साहेबांसमोर शेवटचा डाव मांडला. बैलवाल्यांच्या चुली शून्य. तांदूळ शून्य. चणे घोड्यांसाठी वाटेवरच्या प्रत्येक कोठीत ठेवलेले असतातच, त्यांतच वाढीव धरले, फक्त आगगाडीच्या टोकालाच भाजून घेतलेले.

"घोड्यांचा खुराक माणसांना?" धाकटा म्हणाला.

"घोड्यांना मिळतो तेवढा तरी मिळू दे, साहेब."

तो मग ईर्ष्येला पेटला. सातव्या दिवशी त्याने खिंडीत छापा घातला, फासे त्याच्या बाजूने पडले, माझे अकरा बैल गेले. मी मागची तुकडी पुढे घेतली, कोठीतलं काढलं, गुळावर एक दिवस निभावला. बाराव्या दिवशी गढी उभी होती आणि पटावर चाळीसच्या चाळीस गुंजा होत्या. मी तीनदा मोजल्या.

थोरल्या साहेबानेही एकदा मोजल्या. मग म्हणाला, "छान खेळलास. पण हा खेळ आहे. तेव्हा अर्जाचं बोलून गेलो, पण करारात बैलवाल्याने आपापलं खायचं, असं आहे. तो करार मी बदलू शकत नाही."

मी खिशातली लेखणी काढून मेजावर ठेवली.

"मग साहेब, यंदाची नावं मी लिहीत नाही. दुसरं कुणी लिहावं."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

घरी चार तोंडं खाणारी होती. साहेब लालबुंद झाला, मला बाहेर जा म्हणाला. दोन दिवस त्याने मला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी बोलावून माझ्यासमोर कोरा कागद टाकला आणि म्हणाला, "वरच्या कचेरीला अर्ज लिही. तुझा तो डाव रोजच्या रोज, सगळा लिही. आणि अक्षर चांगलं काढ." मी पाच पानं लिहिली. दोनदा परत आली, दोनदा पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा मंजुरी आली: आगगाडीच्या पुढे प्रत्येक बैलवाल्याला रोज भाजलेले चणे, गूळ आणि पोहे, सरकारी कोठीतून.

मी मुकादमाला मंजुरी वाचून दाखवली. त्याने नांगराची निशाणी काढली, बोटाची शाई धोतराला पुसली आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांना हाक मारली.

ती माणसं सात महिने तिकडे होती. त्या महिन्यांत मी कोणताही खेळ खेळलो नाही. टपाल आलं की मी आधी सरहद्दीवरचं पाकीट शोधे. साहेबही, खरं सांगायचं तर, टपाल आधी माझ्याकडे टाकू लागला होता.

एकोणचाळीस जण परत आले. एक जण बैलासकट दरीत घसरला होता, तो गेला. बाकी सगळे कल्याणच्या फलाटावर उतरले, रापलेले, हाडकुळे, पण आपल्या पायांवर. मुकादमाने मला बघितलं आणि लांबूनच ओरडला, "आता जन्मात चनं दाखवू नको रं मला!" सगळे हसले. बायका रडत होत्या, हसत होत्या, पोरं बापाच्या पायांना मिठ्या मारत होती. मी हातात यादी घेऊन उभा होतो आणि माझी छाती अशी फुगलेली, की जणू ती गढी मी एकट्याने राखली. माझेही डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

गर्दी थोडी पांगली तेव्हा एक म्हातारी माझ्यापाशी आली. कोलशेतची. पायी आली होती, पाय धुळीने भरले होते. माणसं परत आली असं कुणीतरी तिला सांगितलेलं. तिने मुलाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "बघ रे कागदात."

मला बघावं लागलं नाही. ते नाव माझ्या अक्षरात होतं, पण या यादीत नव्हतं. आदल्या वर्षीच्या वहीत होतं.

"आजी, तो आधीच्या खेपेतला."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हटलं, चुकून ऱ्हायला आसंल, यांच्यासंगं आला आसंल." मग ती त्या माणसांकडे बघत राहिली. कुणीतरी उरलेले चणे पोरांना वाटत होतं. "यांना तू चनं दिलंस म्हनतात. मुकादम सांगत व्हता."

"हो."

"मंग माज्या पोराला का नाय दिलंस?"

"मला तेव्हा कळलं नाही, आजी," मी म्हणालो. "त्यांना खायला लागेल हे ध्यानातच आलं नाही माझ्या."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं, आणि ते समजून घ्यायला ती एवढी चालून आली होती.

"का रे? तवा तू जेवत नव्हतास?"

"जेवत होतो," मी म्हणालो.